नाकावरची घडी

ऊलायू विमानतळावर गेली होती ती सीलचं खोकं आणायला. मामेभावाने, जोआनासीने, जुन्या गावाहून सकाळच्या विमानात एक कोवळा सील घातला होता आणि फोनवर म्हणाला होता, "मऊ आहे, मियालियाच्या उरलेल्या तीन दातांना झेपेल." सामानाच्या खिडकीपाशी रांग होती. रांगेत उभं राहून गुडघा दुखायला लागला तशी ती बाजूच्या दुकानाकडे सरकली, उगीच, काही घ्यायचं म्हणून नव्हे. तिथे अस्वलांचे कप आणि लोकरी टोप्यांच्या मधोमध दोरीवर चिमट्याने अडकवलेलं भांडी पुसायचं एक फडकं होतं, आणि त्या फडक्यावर तिची आई बसली होती.

आधी वाटलं, आईच्या मानेला काय झालं? मान उजव्या खांद्यावर कलंडलेली, एखाद्या पाखराची मुरगाळावी तशी. डोळे मिटत आलेले. हातात अर्धगोल सुरी, आणि सुरीखाली काहीच नाही. पांढरं. आईच्या बाजूला बसलेल्या तिघी बायका, त्याही पांढऱ्यावर. मधे सील, तोही पांढऱ्यावर, जणू नुकत्याच पडलेल्या बर्फावर कोणी अलगद ठेवून दिलेला. खाली कोपऱ्यात चित्र काढणारीचं, म्हणजे तिचंच, नाव होतं, ऊलायू. नाव मात्र अगदी बरोबर छापलेलं. काउंटरवरची पोरगी दक्षिणेकडून कामाला आलेली दिसत होती. ती म्हणाली, "छान आहे ना? सगळे नेतात." ऊलायूने विचारलं, "कोणाचं आहे?" पोरीने फडक्याची कड उलटून पाहिली. "कोणी जुनी बाई होती इकडची. वारली बहुतेक." ऊलायूने ते फडकं विकत घेतलं, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं, सीलचं खोकं ताब्यात घेतलं आणि टॅक्सीत जाऊन बसली. वारली बहुतेक. खरं तर पोरगी सर्वस्वी चुकली नव्हती. एक ऊलायू वारली होतीच, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, आणि तिचं नाव त्याच हिवाळ्यात जन्मलेल्या या ऊलायूच्या अंगावर आलं होतं. नाव आलं म्हणजे ती आली. म्हणून तर गेलेल्या ऊलायूची लेक मियालिया, वय वर्षं ब्याऐंशी, हिला भर दुकानात "आई" म्हणून हाक मारते, आणि ही त्या म्हातारीला "पोरी" म्हणते, आणि उत्तरेकडच्या या बर्फाळ गावात, इकालुइतमध्ये, त्यावर कोणी मान वळवून बघत नाही.

टॅक्सी चढावर लागली. मे महिना, बर्फ वरून चकाकणारं आणि आतून पोकळ झालेलं, रस्त्याच्या कडेला हिवाळाभर गाडलेल्या वस्तू एकेक करून डोकं वर काढत होत्या, एक हातमोजा, सायकलचं चाक, कोणाची तरी खुर्ची. ऊलायूला हा महिना आवडायचा तो यासाठीच. सगळं जसं असतं तसं दिसायचा हा महिना. खोक्याच्या पुठ्ठ्यातून गारवा तिच्या मांड्यांना लागत होता. पुठ्ठ्यावर बाण होते, ही बाजू वर. ती बाणावर बोट फिरवत राहिली. मूळ चित्रात असाच बाण होता. आईच्या स्वयंपाकघरात फ्रिज आला त्या फ्रिजचं खोकं उलगडून जमिनीवर पसरलेलं, त्यावर सील, आणि सीलच्या शेपटीशी तो निळा बाण, कोणालाही न जुमानता खिडकीकडे बोट दाखवणारा. दुसरं करणार काय? जमिनीवर बसूनच सील खायचा असतो आणि जमीन भाड्याने घर देणाऱ्या हाउसिंगवाल्यांची असते, डाग पडला तर भरून द्यावा लागतो. पुठ्ठा रक्त पितो, चरबी पितो, गप्पाही पितो, आणि संध्याकाळी गुंडाळून बाहेर टाकला की घर पुन्हा कोरडं. तिच्या पेन्सिलीला त्या पुठ्ठ्याचा तपकिरी रंग मिळायला दोन महिने लागले होते. तपकिरीवर पिवळा, पिवळ्यावर जरासा जांभळा. आणि आईच्या कानाला फोन होता. मान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबून धरलेला, कारण दोन्ही हात सीलमध्ये. फोनची ती गुंडाळ्या-गुंडाळ्यांची वायर आईच्या पाठीवरून, मावशीच्या डोक्यावरून, फ्रिजच्या मुठीला वळसा घालून कागदाबाहेर गेली होती.

त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला ती स्वतः होती. सतरा वर्षांची, दक्षिणेकडच्या हॉस्पिटलात, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, पाच महिने. तिथलं छत पांढरं होतं, भिंती पांढऱ्या, प्लास्टर पांढरं, खाणंही पांढरं, कसल्याशा पांढऱ्या रसात बुडवलेली पांढरी कोंबडी. पांढरा हा रंग नसून एक प्रकारचं बहिरेपण आहे असं तिला तेव्हा वाटायला लागलं. रविवारी दुपारी नर्स फोन कानाशी धरायची आणि त्यातून स्वयंपाकघर यायचं. "थांब गं, तोंडात घास आहे," आई म्हणायची. मग चावण्याचा आवाज. मागे मावशी कोणाला तरी हसून शिव्या घालायची. आणि त्या सगळ्याखाली सुरी पुठ्ठ्यावर टेकल्याचा आवाज, खर्र, खर्र, ओला आणि जाड. बर्फावर सुरी असा आवाज करत नाही. दगडावर करत नाही. त्या आवाजावरून तिने पडल्या पडल्या हिशेब बांधावा, आता फासळ्या चालल्यात, आता कोणीतरी डोळा मागितला, आता मावशीने काळजाचा तुकडा आईपुढे सरकवला. डोळे मिटून ती ते सगळं छतावर मांडायची. तिची चित्रं तिथे सुरू झाली, हातात पेन्सिल यायच्या कितीतरी आधी. शेवटी आई तिचं गाणं म्हणायची. प्रत्येक बाळाचं एक असतं, त्याच्याचपुरतं केलेलं, दुसऱ्या कोणाला न चालणारं. तिचं असं होतं:

इवल्याशा नाकावर घडी पडे, घडी पडे,
नको म्हणे माझी बाय, वारा मागे सरे गडे.

सतरा वर्षांच्या घोडीला बाळाचं गाणं. नर्सला कळत नसे म्हणून बरं. पण फोन खाली ठेवल्यावरही कितीतरी वेळ ऊलायू छताकडे बघून नाकाला घड्या घालत राही, आणि छत खरंच थोडं मागे सरे.

ते नाकाचं तिला टॅक्सीतून उतरताना आठवलं आणि कानापर्यंत गरम झालं. गेल्या शरद ऋतूत रॉस आला होता. दक्षिणेकडच्या गॅलरीचा माणूस, दहा वर्षांची ओळख, येताना संत्री आणणारा, घरात शिरताना न सांगता बूट काढणारा. टेबलावर कागद पसरून तो म्हणाला होता, "छोट्या वस्तूंवर छापायचं तर मागचा पसारा थोडा साफ करू या का? म्हणजे नजर बायकांवरच राहील." ऊलायूने नाकाला घडी घातली होती. चांगली घसघशीत, दोन्ही गाल वर येतील अशी. इथे रांगणारं पोरही ते वाचतं. घडी म्हणजे नाही, भुवया वर म्हणजे हो, त्याला आणखी शब्द कशाला? नाही म्हणून झाल्यावर पुन्हा नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला मठ्ठ ठरवणं. आणि रॉस प्रसन्न होऊन म्हणाला होता, "वा! मला वाटलंच होतं, तुला आवडेल." तिला तेव्हा वाटलं, तो संत्र्यांबद्दल बोलतोय.

घरी आल्यावर तिने मोठ्या भिंतीकडे बघायचं टाळलं. खोकं ओट्याशी ठेवलं, कोट काढला, चहाचं पाणी ठेवलं. मग बघायचं टाळणंच इतकं मोठं झालं, की बघावं लागलं. भिंतभर कागद होता, तीन माणसं आडवी झोपतील एवढा. दक्षिणेकडच्या एका मोठ्या संग्रहालयाच्या दारातल्या भिंतीसाठी. आज तीन वाजता रॉस येणार, गुंडाळी करणार, उद्याच्या विमानाने नेणार. तेच स्वयंपाकघर, तशाच बायका, पण माणसाच्या उंचीच्या. हिवाळाभर ती यावर होती. बोटांची पेरं सुजली होती, पेन्सिलींच्या टोकांचा कचरा पायमोज्यांत शिरला होता. जमीन अजून कोरी होती. "ती शेवटी," असं ती हिवाळाभर स्वतःला सांगत आली होती. रॉस फोनवर म्हणाला होता, "या वेळी खाली पांढरंच राहू दे ना. फार शांत वाटतं ते. लोक त्या शांततेपुढे उभे राहतात." आणि ती फोनवर नाक मुरडून गप्प बसली होती. फोनवर!

दार लाथेने उघडल्याचा आवाज आला. मियालिया दार हाताने उघडत नसे. "आई, आहेस का? सील आला म्हणे. गावभर वास सुटलाय आणि मला बोलावणं नाही."

"गोठलेल्या सीलचा वास येतो होय गं पोरी?"

"भुकेल्या लेकराला येतो. आयांना काय कळणार?" म्हातारी भिंतीला धरून खाली बसली, पाय सरळ पसरले, आणि पदराआडून काढावी तशी कोटाच्या आतून आपली सुरी काढली. जोआनासीचंच खोकं उलगडून ऊलायूने ते जमिनीवर पसरलं, सील त्यावर उताणा ठेवला. मियालियाने पोटावरून एकच रेघ ओढली. खर्र.

दोघी बराच वेळ नुसत्या खात राहिल्या. काळीज मियालियाने अर्धं केलं आणि मोठा अर्धा तिच्यापुढे सरकवला, आईचा मान म्हणून. मग ऊलायूने पुसलेल्या बोटांनी खिशातलं फडकं काढून तिच्यासमोर टाकलं. म्हातारीने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"हिची मान कशाने मोडली?"

"फोन होता तिथे."

"मग गेला कुठे?"

"पुसला. पुठ्ठापण पुसला, फ्रिज पुसला. रॉसने."

"आणि तू काय म्हणालीस?"

ऊलायूने नाकाला घडी घालून दाखवली, तशीच घसघशीत.

"मग?"

"तो म्हणाला, वा."

मियालिया हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता सुरी बाजूला ठेवावी लागली. "अगं माझे आई! अगं गोऱ्याला कुठे नाक वाचता येतं? त्यांच्याकडे नाक नुसतं शिंकायला असतं. तोंडाने बोलायचं नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं म्हणे." म्हातारीने डोळे पुसले, फडक्यानेच. मग ते पुन्हा उलगडलं आणि तिचं हसू हळूहळू विरलं. कोपऱ्यातल्या नावावर तिने रक्ताळलेलं बोट ठेवलं. "हे माझ्या आईचं नाव आहे. माझी आई खोटं बोलत नव्हती. शिव्या द्यायची, मारायची, पण जे नाही ते आहे, नि आहे ते नाही, असं तिने कधी केलं नाही." म्हातारीची नजर फडक्यावरून वर भिंतीवर गेली आणि तिथे फिरत फिरत एका जागी थांबली. "आणि तिथे? तिथे तर मानच सरळ केलीस. तिथे पण रॉस आला होता?"

चहाचं पाणी उकळून आटत होतं. ऊलायू उठली नाही. ती भिंतीवरच्या आईकडे पाहत होती, माणसाच्या उंचीच्या, ताठ मानेच्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या आईकडे, जिला कोणाचाच फोन आला नव्हता. हे कधी केलं? जानेवारीत? तिला ती दुपार आठवेना. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी हात धरला नव्हता. मान कललेली काढली तर फोन काढावा लागेल, फोन काढला तर वायर, वायर आली की फ्रिज, आणि मग आपण पुन्हा सगळा पसारा मांडून बसणार, एवढा सगळा लांबलचक विचार तिच्या हाताने तिला न विचारता करून टाकला होता आणि मान सरळ काढली होती. दुसऱ्याने पुसलेलं दिसतं तरी, फडक्यावर टांगलेलं असतं. आपल्याच हाताने न काढलेलं कुठे शोधायचं? हॉस्पिटलच्या पांढऱ्यात तिने डोळे मिटून जे स्वयंपाकघर बांधलं होतं, ते तिने आता डोळे उघडे ठेवून पुन्हा पांढऱ्यात ढकललं होतं. आणि रंगीत पेन्सिल खोडता येत नाही. मेण कागदात मुरतं. सरळ मान सरळच राहणार. तिने डाव्या हाताने उजवा हात धरला, दुसऱ्या कोणाचा तरी धरावा तसा घट्ट.

"पोरी, सरक," ती म्हणाली.

"का? अजून फासळ्या राहिल्यात."

"फासळ्या उचल आणि सरक."

कुरकुरत मियालियाने सीलचं उरलेलं धूड ताटलीत ओढलं. खाली पुठ्ठा राहिला, मधे गडद लाल, कडांना चरबीने पारदर्शक झालेला, सुरीच्या रेघांनी भरलेला, आणि एका कोपऱ्यात बाण. ऊलायूने म्हातारीचीच सुरी घेतली. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा तिने चित्रातल्या कोऱ्या जमिनीच्या मापाने कापला, बाण राखून. स्वच्छ राहिलेल्या कडेतून एक छोटा तुकडा डोकं-खांद्याएवढा. त्या छोट्यावर उकिडवं बसून ती काढायला लागली. काळी पेन्सिल पुठ्ठ्याच्या नळ्यांवर अडखळत होती, तेच तिला हवं होतं. कललेली मान. फुगलेला गाल, घास तोंडात असलेला. बेचक्यात दाबलेला फोन. मियालिया शेजारी फासळी चोखत बसली होती आणि मधूनच सूचना करत होती, "कानात डूल होतं तिच्या. डाव्या. ते काढ. नाक एवढं सुंदर नव्हतं तिचं, लाड करू नकोस." डिंकाचा डबा रिकामा झाला तेव्हा कोरी जमीन तपकिरी आणि लाल झाली होती आणि ताठ मानेच्या आईच्या जागी दुसरी, मान कललेली, कागदापासून बोटभर पुढे आलेली आई बसली होती.

रॉस तीनला आला, संत्री घेऊन, बूट दारात काढून, आणि दोन पावलांवर थांबला. "हे काय झालं?"

"पूर्ण झालं," ऊलायू म्हणाली.

"हे रक्त आहे?"

"सीलचं. बस ना, फासळी आहे अजून."

तो बसला नाही. चित्राजवळ गेला, वाकला, वास घेतला, सरळ झाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "ऊलायू, संग्रहालयात हे आत घेणारसुद्धा नाहीत. चरबी आहे, कीड लागेल, बाकीच्या चित्रांना धोका. ती भिंत तुझ्यासाठी दहा वर्षं धडपडून मिळवलीय मी. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या कोणाला देतील. पुठ्ठा अलगद सोडवू या. खाली पांढरं होतं तसं. करू या ना?"

तिच्या नाकाला घडी पडली. आपोआप, सतरा वर्षांची असल्यापासून, त्याच्याही आधीपासून. रॉसच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू उमटायला लागलेलं तिने पाहिलं, आणि पाहिलं की तो खरंच वाचतोय, चुकीचं पण मनापासून वाचतोय. तिने फडकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"नाही," ती म्हणाली. त्याच्या भाषेत, मोठ्याने. हा शब्द तोंडाने म्हणायची सवय नसल्यामुळे तो घशात थोडा खरचटला. "तेव्हाही नाही म्हणाले होते. हे नाक म्हणजे नाही. तू आमच्या घरी दहा वर्षं जेवतोस, रॉस. या फडक्यावर माझ्या आईला मान मोडून बसवलंयस, हे विकणं थांबव. आणि ते चित्र जाईल तर पुठ्ठ्यासकट, रक्तासकट. नाहीतर ती भिंत दुसऱ्याला देऊ दे. मला ही घरची भिंत आहे."

"आई, केवढ्याने ओरडतेस," मियालिया म्हणाली, पण खूश होती.

रॉस हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. मग चित्राकडे, मग पुन्हा फडक्याकडे, कललेल्या मानेकडून कललेल्या मानेकडे. "तो फोन होता?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, ती... मला वाटलं, झोप आलीय तिला." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि दोन्ही भुवया उंच वर गेल्या, तशाच राहिल्या.

"हो म्हणाला!" मियालियाने फासळी हवेत नाचवली. "भुवया बघ त्याच्या. हो म्हणाला तो. आता फिरायचं नाही हं बाबा."

तो हो होता की नाही हे ऊलायूने विचारलं नाही. त्याने विमानाला फोन करावा, संग्रहालयाला करावा, नाहीतर संत्री ठेवून निघून जावं. त्याला त्याच्याच भाषेत सांगून झालं होतं. तिची एक रेघ राहिली होती. तिने काळी पेन्सिल घेतली, पुठ्ठ्यावरच्या फोनला टेकवली आणि वायर ओढायला लागली, गुंडाळी गुंडाळीने, आईच्या पाठीवरून, मावशीच्या डोक्यावरून. फ्रिज नव्हता काढलेला, तर नसू दे, वायर कोऱ्या जागेतून तशीच पुढे गेली. मागे म्हातारी पुन्हा सीलवर वाकली होती आणि पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यावर तिची सुरी टेकत होती, खर्र, खर्र. "कोणाशी बोलतेय गं तुझी आई, माझी आजी, एवढी?" तिने विचारलं. कागद संपला. पेन्सिल कडेवर क्षणभर अडली, मग खाली उतरून हाउसिंगवाल्यांच्या स्वच्छ पांढऱ्या भिंतीवरून चालू लागली, आणि ती रेघेमागोमाग सरकत राहिली, एक पाय थोडा ओढत, ओठांत ते गाणं घेऊन, वारा मागे सरेपर्यंत.